एकही चिरा न हलवता

फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट आहे. त्या राज्याचं नाव विचारू नका, ते आता कुणालाच आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी. कारण हिच्यात जे वाईट घडलं, ते सगळं शिकलेल्या माणसांनी केलं.

त्या राज्यात एक बारव होती. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जमिनीच्या पोटात उतरत जाणारी दगडी विहीर. हिला बहात्तर पायऱ्या होत्या. चारी भिंतींना कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात दगडात कोरलेली माणसं होती. कुणी मोट हाकत होता, कुणी केस विंचरत होती, कुणी लेकराला ओंजळीने पाणी पाजत होती. चुन्याचा कणही न वापरता चिऱ्यावर चिरा बसवलेला होता. तळाशी जिवंत झरा होता. भर वैशाखात खालच्या पायरीवर बसलं तरी अंगावर काटा यायचा.

बारव बांधणाऱ्या राजाने काठावर एक शिळा रोवली होती. तिच्यावर चंद्रसूर्य कोरलेले होते आणि खाली लिहिलं होतं, "हे दोघे आकाशात आहेत तोवर या बारवेचा एकही चिरा कुणी हलवू नये. जो हलवेल त्याचा वंश गाढवाचा." त्याच्यानंतर आलेल्या राजांपैकी कुणी चांगले होते, कुणी वाईट. पण ही आज्ञा सगळ्यांनी पाळली.

बारवेमुळेच तिथे विद्यापीठ आलं. दूरदेशीचे लोक ती बघायला यायचे आणि बघता बघता राहायचे. त्यांना समजावून सांगायला एक जाणता बसला, मग दुसरा, मग दहावा. शंभर वर्षांत शाळा झाल्या, वसतिगृहं झाली, मोठं प्रवेशद्वार झालं. आपण इथे कुणामुळे आलो, हे मात्र विद्यापीठ हळूहळू विसरलं.

एक माणूस तेवढा विसरला नव्हता. ते शिल्पशास्त्राचे वृद्ध आचार्य. चाळीस वर्षं त्यांचा वर्ग बारवेच्या पायऱ्यांवर भरत होता. पोथी ते क्वचितच उघडत. विद्यार्थ्याचा हात धरून दगडावर ठेवत आणि म्हणत, "डोळे फसतात बाळा. बोटांनी वाच." त्यांच्या हाताखाली शिकलेले किती तरी जण पुढे मोठे झाले. त्यांतलाच एक त्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला होता.

एके दिवशी कुलगुरूंनी सभा बोलावली.

"आपल्या पोथ्या गळक्या खोल्यांत पडल्या आहेत," ते म्हणाले. "तीनशे विद्यार्थी ओसरीत झोपतात. आपल्याला सात मजली ग्रंथशाळा हवी, आणि तिला जागा एकच आहे. बारवेची."

आचार्य उठून उभे राहिले.

"ग्रंथशाळा हवी, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण उत्तरेचा माळ मोकळा आहे. खाली कातळ आहे, पाया भक्कम बसेल. तिथे सात काय, नऊ मजले चढवा."

"गुरुजी, माळ आडबाजूला आहे."

"आडबाजूला कसला? पाव कोसही नाही."

कुलगुरू जरा घुटमळले. मग म्हणाले, "तिथली इमारत राजमार्गावरून दिसणार नाही."

आचार्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी सभेकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. सगळे मान डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी आचार्य राजाकडे गेले. राजा भला होता, पण त्याला कुणाचं मन मोडायला आवडत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पूर्वजांची आज्ञा मोडणार नाही. पण आज्ञेचा नेमका अर्थ काय, हे पंडितांना विचारू."

"कोणत्या पंडितांना, महाराज?"

"विद्यापीठाच्याच. त्यांच्याहून शहाणे आपल्या राज्यात आहेत कोण?"

आचार्य काय समजायचं ते समजले.

पंडित सात दिवस त्या दोन ओळींवर बसले. आठव्या दिवशी व्याकरणाचे मुख्य पंडित दरबारात आले.

"महाराज, शिळेवर 'चिरा हलवू नये' असं स्पष्ट लिहिलं आहे. आम्ही एकही चिरा हलवणार नाही. आम्ही फक्त बारवेत माती भरू. माती भरू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही."

दरबारात 'वाहवा' झाली. राजाच्या मनावरचं ओझं उतरलं. आज्ञा राहिली आणि ग्रंथशाळाही होणार, याहून चांगलं काय? आचार्य एवढंच म्हणाले, "माणसाच्या अंगाला हात न लावता त्याला पुरता येतं, पंडितजी. त्याला काय म्हणतात तुमच्या व्याकरणात?"

तोवर राजाने आज्ञापत्रावर शिक्का उमटवला होता.

गाव मात्र खवळलं. सगळं गाव त्याच बारवेचं पाणी पीत होतं. बायका रिकामे हंडे घेऊन विद्यापीठाच्या दारात बसल्या, पुरुष त्यांच्या मागे उभे राहिले. पहिल्या दिवशी चारशे माणसं होती. त्यांच्यात जाऊन बसलेल्या आचार्यांना वाटलं, आता वाचली बारव.

कुलगुरू स्वतः बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "ग्रंथशाळा झाली की गावातल्या प्रत्येक घरातलं एक मूल विद्यापीठात घेऊ."

दुसऱ्या दिवशी दोनशे माणसं उरली, तिसऱ्या दिवशी चाळीस. जाणारे आचार्यांच्या समोरून जात नव्हते, मागच्या वाटेने जात होते. पाचव्या दिवशी आचार्यांच्या शेजारी एक म्हातारी कुंभारीण तेवढी बसून होती.

"तुमच्या घराला नाही का सांगितलं?" आचार्यांनी विचारलं.

"सांगितलं की. नातवाला घेतो म्हणाले."

"मग?"

"मग काय गुरुजी! जे सोत्ताच्या हिरीत माती टाकत्यात, ते माझ्या पोराला काय शिकवणार?"

आचार्य खूप दिवसांनी हसले. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. माती भरायचा दिवस ठरला होता.

त्या दिवशी सकाळी आचार्य बारव उतरून गेले आणि पाण्यालगतच्या पायरीवर बसले. वरून पहिली पाटी रिकामी झाली. पाणी गढूळ झालं. दुपारपर्यंत ते दिसेनासं झालं.

माती टाकायला मजूर नव्हते. हे विद्येचं काम आहे, असं सांगून विद्यार्थ्यांनाच जुंपलं होतं. त्यांत आचार्यांच्या वर्गातले सगळे होते. ते पाट्या घेऊन रांगेने उतरत, माती ओतत आणि खाली बघत वर जात. आचार्यांच्या अंगावर माती पडू नये, याची ते काळजी घेत होते. मातीने पायरी झाकली की आचार्य उठत आणि एक पायरी वर बसत. असे अठरा दिवस गेले.

एकदा त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी पाटी घेऊन आला. आचार्यांनी विचारलं, "तुझ्या डाव्या हाताला काय आहे?"

विद्यार्थ्याने न बघताच सांगितलं, "पाणी पाजणारी आई, गुरुजी. तिची बोटं एकमेकांपासून सुटी कोरली आहेत. मधून उजेड येतो. असं काम दुसरीकडे कुठेही नाही."

"बरोबर," आचार्य म्हणाले.

विद्यार्थ्याचे डोळे भरून आले. तो क्षणभर थांबला. मग त्याने पाटी रिकामी केली, आणि ती बोटं मातीखाली गेली.

त्या क्षणी आचार्यांच्या आत काहीतरी तुटलं. त्यांनी शिकवलेलं सगळं त्या पोराला आलं होतं. फक्त नाही म्हणायला त्यांनी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

अठराव्या दिवशी ते वरच्या पायरीवरून काठावर आले. कुंभारणीने त्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्या घरी नेलं. त्यांनी पुन्हा विद्यापीठात पाऊल टाकलं नाही.

दोन वर्षांत ग्रंथशाळा उभी राहिली. ती राजमार्गावरून दिसत होती. राजाने दार उघडलं, पंडितांनी श्लोक म्हटले. राज्यभरातल्या पोथ्या तिथे आणून ठेवल्या. ताडपत्रं, भूर्जपत्रं, ज्यांची दुसरी प्रत नाही अशी हस्तलिखितं, सगळी आली.

पण झरा काही मेला नव्हता. त्याची वाट बंद झाली होती, म्हणून तो दुसरी शोधत होता. पहिल्या पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या भिंती ओलसर झाल्या. दुसऱ्या पावसाळ्यात ओल चौथ्या मजल्यावर पोचली. पंडितांनी धूप जाळला, पोथ्यांना रेशमी कापडात गुंडाळलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांनी फडताळं उघडली, तेव्हा पानं एकमेकांना चिकटून काळी पडली होती. हात लावला की त्यांचा लगदा व्हायचा. बारव बुजल्यावर गावाने खणलेल्या विहिरीही आटल्या होत्या. बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. विद्यापीठात घेतलेल्या त्यांच्या मुलांना तिथे वाचायला काही उरलं नव्हतं.

राजा घाबरला. त्याने इमारत उतरवायला लावली आणि बारव उकरायला सांगितली. सात मजल्यांच्या भाराने खालचे चिरे खचले होते. भिंती आत कलल्या होत्या. कोनाड्यांतली माणसं खापरांसारखी फुटली होती. झराही जागा सोडून कुठल्या कुठे गेला होता.

तेव्हा कुलगुरू कुंभारवाड्यात आले. आचार्य ओट्यावर बसून मडक्यांवर नक्षी काढत होते. कुलगुरू त्यांना त्या खड्ड्यापाशी घेऊन गेले.

"गुरुजी, ही पुन्हा रचता येईल?"

आचार्यांनी काठावरून वाकून बराच वेळ बघितलं.

"रचणारे गेले," ते म्हणाले. "कसं रचलं, ते पोथ्यांत होतं. त्या पोथ्या तुम्ही हिच्याच डोक्यावर ठेवून कुजवल्यात."

"तुम्हाला तर सगळं पाठ आहे!"

"मला ती वाचता येत होती. लिहिता येत नव्हती. वाचणारा आणि रचणारा यांतला फरक तुला कळला नाही, हीही माझीच चूक."

कुलगुरूंनी त्यांचे पाय धरले. "मला क्षमा करा."

आचार्यांनी पाय मागे घेतले.

"क्षमा करणारा मी कोण? बारव माझी नव्हती. ती ज्यांची होती, ती माणसं अजून जन्माला यायची आहेत."

एवढं बोलून ते निघून गेले. राजाने त्यांना बोलावणी पाठवली, मानाची वस्त्रं पाठवली. ती तशीच परत आली. वर्षभरात दूरदेशीचे विद्यार्थी यायचे थांबले. बघण्यासारखं काही नव्हतं, वाचण्यासारखंही नव्हतं. मग शिकवणारे सोडून गेले, पंडित गेले. शेवटी पाणी नाही म्हणून गावही उठलं.

तात्पर्य: ज्या विद्येला आपलं मूळ जपता येत नाही, ती कितीही मजले चढली तरी अडाणीच राहते.