ऐनावरची खार आणि डबक्यातले बेडूक

वेणुपुरात राजा महीदत्त राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व बेडकाच्या योनीत जन्मले. नगराबाहेरच्या रानात एका डबक्यात त्यांचे कुळ राहत असे. काठावरच्या जुन्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीत एक उडती खार पिलांसह राहत होती. तिच्या जातीचे साऱ्या राज्यात तेवढेच घर उरले होते.

एका उन्हाळ्यात वाड्याच्या खांबांसाठी राजा तो ऐन तोडायला आला. तिथली रीत अशी, की कुऱ्हाड घालण्यापूर्वी सुताराने तीनदा विचारायचे, "या झाडावर कुणाचं घर असेल तर बोला." झाडावरचे कुणी बोलले किंवा बाहेर आले, तर झाड वाचे. पण माणसे आली भर दुपारी, आणि उडती खार दिवसा गाढ झोपते.

पहिली हाक गेली. चिखलातून बोधिसत्त्व म्हणाले, "आजोबा, आपण ओरडू या. ती जागी होईल."

म्हातारा बेडूक खेकसला, "ढग दिसल्याशिवाय बेडकानं तोंड उघडायचं नाही! झाड पडलं तर आपण पलीकडच्या डबक्यात जाऊ."

"आपल्याला पलीकडचं डबकं आहे. तिला पलीकडे कुणी नाही."

"मोठा आलास शहाणा! उन्हात जा, पापड होईल तुझा."

"होऊ दे."

बोधिसत्त्व तापलेल्या दगडावर चढले. पोट भाजत होते. दुसरी हाक गेली, तसे ते ओरडले.

प्रधान हसला. "महाराज, बेडूक! हे तर पैशाला पासरी."

"खरं आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "मी मेलो तर गल्लोगल्ली माझ्यासारखे मिळतील. वर झोपलीय तिच्यासारखी मिळणार नाही. मी तिच्यासाठी बोलतोय."

"वर तर कुणी दिसत नाही," राजा म्हणाला. "सुतारा, तिसरी हाक दे."

तेवढ्यात एक तरुण बेडकी दगडावर चढली आणि ओरडली. मग तिच्या बहिणी आल्या. मग सगळे डबकेच उन्हात आले आणि रान दणाणले. शेवटी म्हाताराही आला, आणि सर्वांत मोठ्याने तोच ओरडला.

ढोलीतून खार दचकून बाहेर आली. पायांमधली कातडी पसरून तिने झेप घेतली आणि राजाच्या छत्रावरून तरंगत समोरच्या झाडावर उतरली. सुताराने कुऱ्हाड खाली ठेवली.

"इतके क्षुद्र, आणि इतका आवाज!" राजा म्हणाला.

"पुष्कळ आहोत, महाराज. म्हणूनच," बोधिसत्त्व म्हणाले.

राजाने त्या दिवशी ऐनाला अभय दिले, आणि डबक्यालाही. खांब दगडाचे झाले.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते भगवान भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. आज संघाच्या सभेत जिच्या बाजूने कुणी बोलले नाही, ती भिक्षुणी तेव्हा खार होती. 'अशी रीत नाही' म्हणून तिला गप्प करणारा स्थविर, तो ज्येष्ठ भिक्षू, तेव्हाचा म्हातारा बेडूक होता. आज त्यालाही ओरडायला अजून वेळ आहे. आणि दगडावर चढलेला तो मीच." ही त्यांची वीर्यपारमिता, म्हणजे धैर्याची आणि प्रयत्नाची पराकाष्ठा होय.