वेणूवर राज्य आलं

फार पूर्वी म्हणावं इतकं जुनं नाही आणि परवाचं म्हणावं इतकं ताजंही नाही, अशा मधल्याच कुठल्याशा काळात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव चांगलं होतं. आपण चांगले आहोत हे गावाला पक्कं ठाऊक होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवल्याशिवाय गाव कुणाला पुढे जाऊ देत नसे.

त्या गावात एक शाळा होती. शाळेपुढे अंगण होतं, अंगणात चिंचेचं मोठं झाड होतं आणि मधल्या सुट्टीत त्या झाडाभोवती लपाछपीचा डाव रंगायचा. ज्याच्यावर राज्य, त्याने झाडाला तोंड करून आकडे म्हणायचे. बाकीच्यांनी लपायचं. मग राज्यवाल्याने एकेकाला शोधायचं, नाव घेऊन ओरडायचं आणि सापडलेला गडी पोहोचायच्या आत धावत येऊन झाडाला हात लावायचा. हात लागला की गडी बाद. जो पहिला बाद होईल, त्याच्यावर पुढचं राज्य.

आता खेळ म्हटला की धाकटी भावंडं मागे लागतातच. त्यांना नाही म्हणावं तर भोकाड पसरतात. म्हणून त्या मुलांनीही, सगळीकडची मुलं करतात तसं, धाकट्यांना 'लिंबूटिंबू' ठरवून टाकलं होतं. लिंबूटिंबूने खुशाल धावावं, लपावं, किंचाळावं. तो दिसला तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. पुढे तो मोठा होतो, चांगला धावायला लागतो, आणि मग त्याला पक्का गडी म्हणून घेतात.

वेणू मात्र मोठी झाली तरी लिंबूटिंबूच राहिली.

वेणूचा एक पाय जन्मापासून अधू होता. ती काखेत कुबडी घेऊन चालायची. ती शाळेत दाखल झाली तेव्हा गावाने काय काय केलं म्हणून सांगू! पायऱ्यांच्या बाजूला दगडमातीचा उतार बांधला. पहिल्या रांगेत तिच्यासाठी मऊ उशी ठेवली. शाळेच्या बाई तर रोज प्रार्थना झाली की मुलांना विचारायच्या, "आपण वेणूला काय करायचं?" आणि सगळी शाळा एका सुरात म्हणायची, "वेणूला जपायचं!" तेवढा वेळ वेणू उशीवर बसून आपल्या नखांकडे बघत राहायची.

मुलं गुणी होती, शिकवलं तसं वागायची. वेणूचं दप्तर नेहमी दुसरंच कुणीतरी उचलायचं. माठ भरायची, अंगण झाडायची, घंटा द्यायची पाळी आळीपाळीने सगळ्यांवर यायची, वेणूवर यायची नाही. गणित चुकलं की इतरांना ओरडा बसायचा आणि वेणूला बाई म्हणायच्या, "असू दे हं, बाळ." उतार झाला ते फार बरं झालं होतं, त्यावरून ती एकटी वर-खाली करू शकायची. बाकीच्या लाडांचं काय करावं ते तिला कळायचं नाही.

एक दिवस मधल्या सुट्टीत तिला लपायला एक अफलातून जागा सापडली. शाळेमागे गवताची गंजी होती, तिच्या आणि कुंपणाच्या मधोमध एक माणूस मावेल एवढी खोबण होती. वेणू त्यात शिरली. कुबडी आडवी ठेवली, परकर गोळा करून घेतला आणि श्वास रोखून बसली. एकेकाचं नाव घेतल्याचा ओरडा तिला ऐकू येत होता. आपण अजून सापडलो नाही म्हणून तिला इतकं हसू येत होतं की तिने तोंडावर हात दाबून धरला होता.

मग घंटा झाली. थोड्या वेळाने आतून पाढ्यांचा आवाज यायला लागला. वेणू अजून लपलेलीच होती.

तिला कुणी शोधलंच नव्हतं. लिंबूटिंबूला कोण शोधतंय? शेवटी पहिल्या रांगेतली उशी रिकामी दिसली तेव्हा बाई धावत बाहेर आल्या आणि हाका मारत मारत गंजीपाशी पोहोचल्या.

"अगं बाळ, इथे येऊन बसलीस होय? दमलीस का? पाणी आणू?"

केसांतलं गवत काढत वेणू त्यांच्यामागून वर्गात गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तिने दप्तर कोनाड्यात सारलं आणि आईला सांगितलं, "उद्यापासून मी शाळेत जायची नाही."

आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "का गं? कुणी काही बोललं का तुला?"

"कुणीच काही बोलत नाही."

"मग? इतके लाड करतात सगळे तुझे!"

"लाड पाहुण्यांचे करतात, आई. मी तिथे रोज पाहुणी म्हणून जाते. मला कंटाळा आला." एवढं म्हणून वेणू रडायला लागली. पोरीला असं रडताना आईने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने वेणूला शाळेत जा म्हटलं नाही.

दोन दिवस उशी रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी बाई बेसनाचे लाडू आणि सगळा वर्ग बरोबर घेऊन वेणूच्या घरी आल्या. डबा पुढे करत म्हणाल्या, "वेणू, तुला शाळेत काय कमी आहे ते सांग. आम्ही आजच्या आज करू."

वेणूने डब्याला हात लावला नाही. "बाई, माझ्यावर राज्य येत नाही."

मुलं खो-खो हसली. राज्य येऊ नये म्हणून सगळी जीव तोडून पळायची, आणि ही ते मागत होती! बाईंनाही हसू आलं. पण वेणू हसत नव्हती, आणि मग त्यांचंही हसू आटलं.

"अगं, पण धावताना पडलीस तर?"

"पडले तर उठेन. भागी रोज पडते."

भागी म्हणजे वर्गातली सगळ्यांत भांडकुदळ मुलगी. खेळात तिने सख्ख्या भावालाही कधी सोडलं नव्हतं. ती पुढे झाली आणि परकर जरा वर करून तिने बाईंना आपले दोन्ही गुडघे दाखवले. त्यांवर जुन्या-नव्या खपल्यांची गर्दी होती. "रोजच पडते मी, बाई. मला तर कुणी लाडू देत नाही."

बाईंनी डबा खाली ठेवला. 'जपायचं, जपायचं' असं आपण रोज घोकून घेतलं आणि मुलांनी पोरीला जपून जपून खेळाबाहेर ठेवून दिलं, हे त्यांना आत्ता कुठे दिसलं. त्यांना भारी वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. उद्या हिला लागलं तर सगळं गाव आपल्यालाच बोलणार, हे त्या जाणून होत्या. त्यांनी वेणूच्या आईकडे पाहिलं. आईने आधी पोरीकडे पाहिलं आणि मग मान हलवली.

"उद्या ये," बाई म्हणाल्या.

"राज्य येणार असेल तर येते," वेणू म्हणाली आणि मगच तिने एक लाडू उचलला.

दुसऱ्या दिवशी भागीवर राज्य होतं. आकडे संपवून ती वळली आणि तिला काय दिसावं? अंगणाच्या कडेच्या विहिरीच्या कठड्यामागून कुबडीचं टोक बाहेर आलेलं! लपलेल्या सगळ्यांनाही ते दिसत होतं. रोज अशा वेळी राज्यवाला मान वळवून पुढे जायचा. ओसरीवर उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडात 'अगं, जाऊ दे तिला' आलंच होतं, ते त्यांनी कसंबसं गिळलं.

भागीने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "वेणू! विहिरीच्या कठड्यामागे!" आणि धावत येऊन तिने झाडावर असा हात मारला की वरून चिंचेचा पाला गळला. "वेणू बाद!"

गड्यांत एक गोलमटोल मुलगा होता, त्याला सगळे लाडू म्हणायचे. तो लपल्या जागेवरून म्हणाला, "अगं, ती लिंबूटिंबू आहे ना!"

"नाही!" कठड्यामागून वेणू उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी लपले होते आणि मी सापडले. माझ्यावर राज्य!"

तिने झाडाला तोंड करून खणखणीत आवाजात आकडे म्हटले. मग शोधायला निघाली. तिची नजर चांगली होती, एकेकजण तिला दिसतही होता. पण नाव घेऊन ती झाडाकडे वळेपर्यंत सापडलेला गडी वाऱ्यासारखा येऊन झाडाला चिकटलेला असायचा. एकही बाद होईना. राज्य पुन्हा तिच्यावरच आलं, आणि त्यानंतर पुन्हा तिच्यावरच. मध्ये एकदा कुबडी घसरली आणि ती पडली. सगळे तिला उचलायला धावले. बाई तर दोन पायऱ्या उतरल्यासुद्धा.

भागी जागची हलली नाही. "ऊठ लवकर," ती म्हणाली. "अजून तुझंच राज्य आहे."

वेणू उठली, परकर झटकला.

"जाऊ दे, आता दुसऱ्या कुणावर तरी राज्य देऊ," एकजण म्हणाला. "दमली असेल बिचारी."

"दमले नाही, चिडलेय!" वेणूने कुबडी आपटली. "हा नियम कुणी केला? ज्यांना धावता येतं त्यांनीच केला ना? शोधते मी, आणि जिंकता तुम्ही!"

"नियम म्हणजे नियम," भागी म्हणाली. "हरलीस म्हणून आता रडी खाऊ नकोस."

"रडी खात नाही. बदलायला सांगते. नीट जागा सांगून नाव घेतलं की गडी बाद, झाडापर्यंत शर्यत नको. आणि हे सगळ्यांना, माझ्या एकटीसाठी नाही."

यावर जे भांडण जुंपलं ते काही विचारू नका. भागी म्हणे, शर्यत नाही तर मजा कसली? तेवढ्यात लाडू पुढे आला. "मला पटतं वेणूचं," तो म्हणाला. "मीपण रोज तिथेच हरतो. पण मला वाटायचं, चूक माझीच आहे." धाकट्यांनी लगेच त्याच्या बाजूने गलका केला. भांडणात सुट्टी संपत आली. घंटा द्यायची वेळ होऊन गेली, तरी बाईंनी कुणाला घंटा द्यायला सांगितलं नाही.

अखेर भागी म्हणाली, "बरं. एक डाव खेळून बघू."

त्या डावात नुसतं पळून भागेना, मनापासून लपावं लागलं. कोण चिंचेच्या फांदीवर चढलं, कोण पाण्याच्या पिंपामागे अंग चोरून बसलं. वेणू अंगणाच्या मधोमध उभी राहून कान देत होती. भागीला शांत बसायची सवय कुठे? तिला फस्सकन हसू फुटलं.

"भागी! ओसरीखाली, लाकडांच्या मागे!"

भागी बाद झाली. आणि खरं सांगायचं तर तिनेच मग पुष्कळ रडी खाल्ली.

संध्याकाळी वेणू घरी आली तेव्हा तिचा गुडघा खरचटला होता, परकर मातीने माखला होता आणि वेणी सुटली होती. आई दारातच ओरडणार होती.

"आई, भागी मला सगळ्यांसमोर म्हणाली, रडी खाऊ नकोस!" वेणू एवढ्या आनंदाने म्हणाली की आईचं ओरडणं राहूनच गेलं.

"मग? खाल्लीस का?"

"थोडीशी."

आईने तिला चुलीपाशी बसवून गुडघ्याला हळद लावली. हळद झोंबली तशी वेणू ओरडली, आणि आई डोळे पुसत हसायला लागली.

"उद्या मला लवकर उठव हं," वेणू म्हणाली. "बाईंनी माठ भरायची पाळी आता दोघादोघांवर लावली आहे. उद्या भागीची आणि माझी आहे. उशीर झाला तर बाई रागावतील."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर बाईंनी मुलांना नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्या वेळी वेणू भागीला घेऊन विहिरीवर होती, आणि कळशी कुणी आधी धरायची यावरून दोघींचं भांडण वर्गापर्यंत ऐकू येत होतं.

तात्पर्य एवढंच: नुसते लाड करून कुणाला आपल्यात घेता येत नाही. त्याचं हरणं-जिंकणं मोजावं, कामात त्याचीही पाळी लावावी, आणि नियम त्याला बाहेर ठेवत असेल तर तो नियम सगळ्यांनी मिळून बदलावा.