शोणा घोडीची तेरावी शर्यत

काम्पिल्य नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने राजाच्याच अश्वशाळेत एका सिंधुदेशी घोडीच्या पोटी जन्म घेतला. शिंगरू मादी होते. रंग तापल्या तांब्यासारखा होता, म्हणून तिला शोणा म्हणू लागले.

पण तिचे पुढचे दोन्ही पाय आत वळलेले होते. उभी राहिली की गुडघ्यावर गुडघा घासे आणि ती कोलमडे. अश्वशाळेचा मुख्य चंडसेन तिला पाहून म्हणाला, "ही धावणार नाही, ओझेही वाहणार नाही. हिला रानात सोडून या." त्या रानात वाघ होते.

हे काम रोहक नावाच्या मोतद्दाराकडे आले. रोहक अबोल माणूस होता. तो थोडा वेळ शिंगराकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "स्वामी, सोडायचीच आहे तर माझ्या झोपडीत सोडतो."

"मग तिचे खाणे तुझ्या वाटणीतून," चंडसेन म्हणाला.

"माझ्या वाटणीतून," रोहक म्हणाला.

त्याने बांबूच्या कामट्या तासून, त्यांना मऊ कापड गुंडाळून तिच्या पायांना बांधल्या. सकाळ-संध्याकाळ तो तिचे पाय कोमट तिळेलाने चोळी. स्वतः पेज पिऊन जव तिला भरडून घाली. मग तिला नदीच्या ओल्या वाळूत नेई, कारण तिथे पडली तरी लागत नसे. एकेक पाऊल नीट पडले की तो म्हणे, "भले, बाई, भले!" दिवसाला दहा पावले, मग शंभर. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी शोणा त्याच वाळूत हरणांच्या कळपाबरोबर धावली आणि हरणे मागे पडली.

राजाच्या शिकाऱ्यांनी ते पाहिले. राजाने तिला पाहायला मागवले आणि त्या वसंतोत्सवाच्या शर्यतीत उतरवले. रोहकाला तिच्या सेवेत ठेवले.

शोणाची धाव वेगळीच होती. आरंभी ती सर्वांच्या मागे राही आणि पाहणारे हळहळत. वळणावरच्या उंबरापाशी आली की ती मान खाली घाली, आणि मग पुढे कोणता घोडा आहे याला अर्थ उरत नसे. ती पहिली शर्यत जिंकली, दुसरी जिंकली. एकदा चिखलात जिंकली, एकदा खोगिराचा तंग तुटून स्वार तिच्या मानेला लोंबकळत असताना जिंकली. चार वर्षांत बारा शर्यती झाल्या आणि बाराही तिच्या. दर वेळी राजा हार घेऊन पुढे होई. पण ती आधी कुंपणाशी उभ्या असलेल्या रोहकाकडे जाई, त्याच्या खांद्यावर तोंड टेकवी आणि मगच हारासाठी मान वाकवी. राजा हसून थांबे.

तेराव्या शर्यतीसाठी कंबोज देशाचा राजपुत्र आपला काळा घोडा घेऊन आला. दोन्ही दरबारांत महिनाभर तीच चर्चा होती. शोणा जिंकली तर रोहकाला एक गाव इनाम द्यायचे, असे राजाने आधीच जाहीर केले होते.

शर्यतीला दोन दिवस असताना रोहक तिचे पाय चोळत होता. उजव्या पायाच्या नळीवर त्याचा हात थबकला. तिथे ऊब होती. त्याने पुन्हा हात ठेवला, मग डावा पाय चाचपला आणि उठून थेट राजाकडे गेला.

"महाराज, तिला धाववू नका. हाड दुखावले आहे. वळणावर मोडेल."

चंडसेन शेजारीच होता. तो म्हणाला, "महाराज, काल मी स्वतः तिला फिरवली. ती लंगडत नाही. हा म्हातारा कंबोजांना फितूर झाला आहे."

पाहुण्यांना दिलेला शब्द राजाच्या मनात सलत होता. रागाच्या भरात त्याने रोहकाला नगराबाहेर घालवून दिले. रोहकाने हात जोडले. जाताना तो एवढेच म्हणाला, "तिला थंड पाण्यात उभी करा."

दुसऱ्या दिवशी शोणाने दाण्याला तोंड लावले नाही. चंडसेनाने गूळ आणला, सोनेरी झूल आणली. तिने पाहिलेही नाही. अखेर राजा स्वतः आला.

"शोणे, तुला काय झाले?"

तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने बोलला. "महाराज, आपले अन्न मी खाल्ले आहे. आपली आज्ञा असेल तर उद्या मी धावेन आणि जीव असेतो थांबणार नाही. पण हे पाय मला आईच्या पोटातून मिळाले नाहीत, रोहकाच्या हातून मिळाले. मी धावून जिंकले, तर तो खोटा ठरेल. मोडून पडले, तर तो खरा ठरेल आणि त्या दुःखाने मरेल. मला धावायला सांगा, पण आधी त्याला खोटे म्हणणे मागे घ्या."

"म्हणजे पाय दुखतो?"

"त्याने सांगितले तसाच दुखतो."

 राजा म्हणाला, "रोहक गप्प राहिला असता तर तुझ्या धावण्यावर त्याला गाव मिळाले असते. बोलला म्हणून घर गेले. फितूर माणूस असा व्यवहार करतो का?" आणि तो तसाच कंबोज राजपुत्राच्या तळावर गेला.

"माझी घोडी धावणार नाही. तिचा पाय दुखावला आहे," राजा म्हणाला. "शब्द मोडतो आहे, क्षमा असावी."

राजपुत्राचे सोबती हसले. राजपुत्र हसला नाही. तो म्हणाला, "असे सांगायला कोणी असते तर माझी पांढरी घोडी आज जिवंत असती. पुढच्या वसंतात पुन्हा येईन."

रोहक वेशीबाहेरच्या धर्मशाळेत सापडला. राजाने सभेत त्याची क्षमा मागितली. चंडसेनाला शिक्षा करू नये, असे शोणाने विनवले. तेव्हा राजाने त्याला रोहकाच्या हाताखाली शिकायला ठेवले. वर्षभर शोणाला विसावा मिळाला. पुढच्या वसंतात कंबोजांचा घोडा आला, तेव्हा ती धावली आणि एका मानेच्या अंतराने जिंकली. ती तिची शेवटची शर्यत. राजाने वर मागायला सांगितले. ती म्हणाली, "माझ्यासारखी वाकड्या पायांची जन्मतील, त्यांना रानात सोडू नका." राजाने तसे शिळेवर कोरून घेतले.

पुढे रोहकाची दृष्टी गेली. त्याची मुलगी तीन दिवसांच्या वाटेवरच्या गावी नांदत होती. तिला भेटायची त्याला ओढ लागली. शोणाने त्याला पाठीवर घेतले. त्याच्या म्हाताऱ्या अंगाला हिसके बसू नयेत म्हणून वाऱ्याला मागे टाकणारी ती घोडी इतकी सावकाश चालली की वाटेवरची गुरे तिच्या पुढे निघून गेली. तीन दिवसांची वाट तिने नऊ दिवसांत पार केली. नवव्या दिवशी अंगणात मुलीने बापाला उतरवून घेतले, तेव्हा रोहक हाताने चाचपत घोडीच्या पायांशी बसला आणि त्याने ते पाय कपाळाला लावले.

ही कथा सांगून शास्ते तथागत भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा अरिंदम राजा म्हणजे आजचा स्थविर सुजात. चंडसेन म्हणजे नुकताच संघात आलेला भिक्षू वप्पिल. रोहक म्हणजे ती वृद्ध उपासिका मेत्तिका, जी आजाऱ्यांना रोज पेज आणून देते. आणि शोणा घोडी मीच होतो. भिक्षूंनो, ज्याने आपल्याला उभे केले, त्याचा उपकार आठवणे हे पुण्य आहे आणि त्याच्यासाठी आपला वेग आवरणे हे त्याहून मोठे. याला कृतज्ञता म्हणतात."

हे ऐकताना मेत्तिका दाराशी पेजेचे भांडे घेऊन उभी होती. भिक्षू उठले आणि त्यांनी तिला बसायला आसन दिले.