भिवरा सुईणीचा खुंटा

फार फार वर्षं झाली. तेव्हाच्या करंजवाडीत एक चाल होती. सांगताना लाज वाटते, पण सांगायलाच हवी. एखाद्या घरात नवरा बायकोला मारू लागला, की शेजारणी आपापल्या जात्यावर बसत आणि दळायला घेत. घरघरीत रडणं बुडून जाई. मग कुणी काही ऐकलेलंच नसे.

गल्लीत सगळ्यांत आधी फिरे ते भिवरा सुईणीचं जातं. अर्ध्या गावाला तिनंच जगात आणलं होतं, असं म्हणतात. शेजारच्या येसूच्या दोन्ही लेकीही तिच्याच हातच्या. दुसरी मुलगी झाली आणि येसूचा नवरा कोंडिबा ऊठसूट हात उगारू लागला. भिवरा येसूच्या पाठीला हळद लावायची आणि म्हणायची, "सोस बाई. औंदा ल्योक झाला की निवंल त्यो."

येसूला सातवा लागला होता. एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "भिवराआत्या, धाव गं!"

भिवरानं हाक ऐकली. स्वतःचं नाव ऐकलं. आणि जात्यात आणखी मूठभर जोंधळे टाकले.

दळण संपवून ती गेली तेव्हा उशीर झाला होता. येसू वाचली. लेकरू भिवराच्या ओंजळीत आलं, ते रडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गावातलं एकही जातं हलेना. गड्यांनी जोर लावला, नारळ फोडले. तीन दिवस चुली थंड राहिल्या, असं म्हणतात. चौथ्या दिवशी भिवरा पारावर आली. तिची मान वर होत नव्हती.

"येसूनं हाक मारली व्हती," ती म्हणाली. "म्या ऐकली व्हती."

तिकडे तिच्या घरातलं जातं आपोआप फिरलं. मग दुसरी बाई पुढे झाली. "म्याबी ऐकली." तिचंही फिरलं. दिवस कलेपर्यंत गडीमाणसंही खाली मान घालून तेच बोलत होती.

भिवरानं आपल्या जात्याचा खुंटा उपसला आणि ती कोंडिबाच्या दारात गेली. तो आडवा आला, पण तिच्यामागं अख्खं गाव बघून बाजूला सरला. येसू आणि दोन्ही पोरी त्या दिवसापासून भिवराच्या घरी राहिल्या.

आता करंजवाडीत पिठाची गिरणी आहे. तिच्या दारावर तो खुंटा टांगलेला असतो. कुठून बाईचं ओरडणं कानावर आलं, की गिरणीवाला आधी गिरणी बंद करतो आणि जिचं दळण चालू असेल ती बाई खुंटा काढून घेते. अवेळी गिरणी थांबली तर वीज गेली का, असं इथं कुणी विचारत नाही. माणसं पायात चपला सरकवतात. त्या घराच्या दारात उभं राहून सगळी एवढंच म्हणतात, "आम्ही ऐकलंय."