बहावा आणि फवारा

पाऊस ज्या गावाला वळसा घालून पुढे जातो, अशा एका गावात गुरुनाथशेठ राहायला परत आले. तरुणपणी गाव सोडून त्यांनी शहरात बेदाण्याचा व्यापार केला होता. आता गावविहिरीच्या वरच्या अंगाला, माळावर, त्यांनी बंगला बांधला.

मुलगी वनिता हिचं लग्न वैशाखात ठरलं. पाहुणे मोठ्या शहरातले. त्यांना अंगणात हिरवंगार लॉन दिसलं पाहिजे, असं शेठच्या मनाने घेतलं. टेम्पोतून गवताच्या गुंडाळ्या आल्या. बोअर खणली, मोटर बसली, दिवसभर फवारे फिरू लागले. पत्रिकेतही छापून गेलं, 'विवाहस्थळ: आमच्या घरची हिरवळ.'

बागकामाला गावातली निंगूबाई येत असे. तिच्या स्वतःच्या दाराशी कोरांटी होती, अडुळसा होता, करंज होता. प्रत्येक झाडाच्या मुळाशी तिने गळ्यापर्यंत पुरलेलं एकेक मडकं होतं. आंघोळीचं पाणी ती चार दिवसांतून एकदा त्यात ओतायची आणि वर पाचोळ्याचं पांघरूण घालायची. तेवढ्यावर तिची बाग उन्हाळा काढायची.

माघातच तिने शेठना सांगितलं होतं, की तुमची बोअर आणि गावविहीर एकाच झऱ्यावर आहेत. तुम्ही वर उपसाल, तर खाली आटेल. गवत काढा, तरवड लावा, पिवळा बहर येतो आणि पाणीही मागत नाही.

शेठ हसले होते. "शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही, ते मी दारात लावू?"

"म्हणूनच तर ते टिकतं, शेठ," निंगूबाई म्हणाली होती.

शेठनी उत्तर म्हणून फवारा सुरू केला होता.

फाटकाजवळ एक जुना बहावा होता. फाल्गुनात त्याची पानं आणि काळ्या शेंगा लॉनवर पडू लागल्या, तेव्हा शेठनी तो तोडायला सांगितला. निंगूबाई रोज काही ना काही सबब सांगून ते काम पुढे ढकलत राहिली. कधी कुऱ्हाडीला धार नव्हती, कधी माणसं मिळत नव्हती.

त्या गावात हळदीच्या न्हाणाचं पाणी गावविहिरीचंच लागतं. ज्या पाण्यावर घराणं वाढलं, त्याच पाण्याने मुलीला न्हाऊ घालून सासरी पाठवायचं, अशी तिथली रीत. लग्नाच्या दोन दिवस आधी पाच सवाष्णी कलश घेऊन वाजतगाजत विहिरीवर गेल्या. शेठही कौतुकाने मागून चालले.

पहिली कळशी खाली सोडली. तळाशी आपटल्याचा आवाज आला. वर ओढली तर तिच्यात चिखल होता.

वाजंत्री थांबली. विहिरीच्या काठावर रिकाम्या घागरींची रांग होती, ती शेठनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. आठ दिवस गावातल्या बायका दोन कोसांवरच्या ओढ्यातून झिरप्याचं पाणी आणत होत्या; हळदीपुरतं तरी विहिरीत निघेल, या आशेवर आज आल्या होत्या. फवाऱ्याखाली बसणाऱ्या माणसाला ते कळलं नव्हतं.

शेठ गडबडले. आत्ता टँकर मागवतो, म्हणाले.

त्यांच्या म्हाताऱ्या आत्या कलश काखेत घेऊन उभ्या होत्या. "टँकरच्या पाण्याने धुणं होतं, गुरू. हळद होत नाही."

शेठ निंगूबाईवर घसरले. "इतकं झालं, तर तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, शेठ. फवारा चालू होता, ऐकू आलं नसेल."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेठ हसले नाहीत.

आत्यांनी उपाय सांगितला. दोन दिवस मोटर बंद ठेवायची, झऱ्याला दम खाऊ द्यायचा, म्हणजे लग्नाच्या सकाळपर्यंत थोडं पाणी जमेल. हळद त्याच सकाळी लावता येईल. पण वैशाखातलं ऊन आणि कोवळं गवत. दोन दिवसांत लॉनचा चोथा होणार, आणि पाहुणे नेमके तेव्हाच येणार, हे शेठना न सांगता कळत होतं.

ते तसेच घरी आले. वनिता पायरीवर बसून होती. ती इतकंच म्हणाली, "अण्णा, मला हळद आपल्याच विहिरीच्या पाण्याची हवी."

शेठनी एकदा गवताकडे पाहिलं. मग स्वतः जाऊन त्यांनी मोटरचा फ्यूज काढला आणि आत्यांच्या हातात दिला. आपल्या हातात तो राहिला असता, तर आपण तो पुन्हा लावला असता, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन दिवसांत लॉन गोणपाटासारखं झालं. लग्नाच्या सकाळी विहिरीतून पाच कलश निघाले, अर्धे अर्धे. तेवढे पुरले. न्हाणाचं पाणी वाहून जात होतं, ते वनिताने चर काढायला लावून बहाव्याच्या आळ्यात वळवलं.

पाहुणे आले, तेव्हा शेठ मान खाली घालून सामोरे गेले. पण व्याही गवताकडे बघतच नव्हते. फाटकाजवळचा बहावा खालपासून वरपर्यंत पिवळ्या घोसांनी लोंबत होता, आणि सगळी वऱ्हाडी मंडळी त्याच्या सावलीला सरकली होती.

"याला पाणी किती घालता?" व्याह्यांनी विचारलं.

शेठनी निंगूबाईकडे पाहिलं.

"तो पावसाळ्यात पितो," ती म्हणाली. "उन्हाळ्यात कुणाकडे मागत नाही."

त्या पावसाळ्यात शेठनी गवत उपटलं. तरवड लावला, कोरांटी लावली, निंगूबाईच्या हाताखाली बसून मडकी पुरली. फवारे काढून टाकले. मोटरचा फ्यूज आत्यांनी परत दिला नाही, आणि शेठनी तो मागितला नाही.

पुढच्या वैशाखात एका दुपारी शेठ ओट्यावर बसले होते. खाली विहिरीत कुणीतरी घागर सोडली, आणि ती बुडताना झालेला आवाज वर माळापर्यंत आला. तो आवाज शेठनी बंगल्यातून पहिल्यांदाच ऐकला.

तात्पर्य: आपल्या पावसावर जगणारं झाड दारात लावावं. नुसत्या दिखाव्यासाठी जो गावाचं पाणी उपसतो, त्याच्या स्वतःच्या मंगलकार्यातही कलश कोरडाच वर येतो.