पिंगीला घर मिळालं

फार मागे, डोंगरावर अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वणव्यात घर गमावलेली पिंगी नावाची मधमाशी जांभळावरच्या एका पोळ्यापाशी आली. इथं राहावं की पुढं जावं, ते तिला ठरेना.

"कसं आहे हो तुमचं पोळं?" तिने विचारलं.

"इथं प्रत्येकीला तिचं काम आहे, म्हणून तर पोळं टिकलंय," दारावरची थोराड माशी म्हणाली.

"बोलायला काय जातंय!" आत पंखांनी वारा घालणारी झिपरी कडाडली. "राबायचं आम्ही आणि चांगलंचुंगलं खायचं राणीनं!"

दोघींची चांगलीच जुंपली. पिंगी घाबरून निघणार, तेवढ्यात एका धाकट्या माशीने तिच्या पंखांवरची राख हलकेच झटकली. "बस ना गं ताई," ती म्हणाली.

त्या एका हाकेनं पिंगीचं परकेपण गेलं. ती झिपरीजवळ गेली. राबून राबून झिपरीचे पंख खरंच फाटले होते. आणि भांडणात तिचा वारा थांबल्यामुळे पिल्लं उकाड्यानं तळमळत होती. दोघींचंही म्हणणं खरं होतं.

"अगं, तू जरा टेक," पिंगी पंख हलवत म्हणाली. "भांडण खुशाल चालू दे. आता घरचीच झाले ना मी, मध्येमध्ये बोलेनही."