शनिवारचा साक्षीदार

“...आणि ती पाटी कुठं ठेवलीत?”

वस्तादांनी मान वर केली नाही. लाकडाच्या एका टोकाला ते पॉलिश पेपर घासत होते.

“कुठली?”

“साक्षीदारांची.”

“चहा पिणार?”

“नको.”

“मग बस.”

मी बसलो नाही.

इलाही वस्ताद म्हणजे इलाही शिकलगार. फाउंड्रीत जन्मभर लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, केलेला माणूस. आता कासारमाळाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एकटे राहतात, आणि येईल त्याला हातकाम शिकवतात. माझा थोरला भाऊ जिनपाल त्यांच्याकडं सहा वर्षं शिकला. मी त्याला अण्णा म्हणायचो.

अण्णाला रॉकेटचं वेड. दिवाळीतलं नव्हे. खरं, माणसाच्या खांद्याएवढं. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची जाड नळी तो इचलकरंजीहून आणायचा. प्लायवूडचे तीन पंख कापायचा. पुढचं टोक वस्ताद लेथवर कातून द्यायचे. आणि सगळं चिकटवायचं ते घरात फुटकी बरणी जोडायला वापरतात, त्या दोन नळ्यांच्या एपॉक्सीनं; एका नळीत रेझीन, दुसरीत हार्डनर. आत जळणारी दारूची मोटर तेवढी पुण्याच्या क्लबातून यायची.

अण्णाला जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते.

वस्तादांच्या शेडमध्ये एक रीत आहे. दोन नळ्यांतलं सारखं सारखं घ्यायचं, कालवायचं, सांध्याला लावायचं, आणि उरलेल्यातला एक थेंब भिंतीवरच्या सागवानी पाटीवर ठेवायचा. खाली पेन्सिलीनं वार आणि नाव. दुसऱ्या दिवशी सांध्याला हात लावायचा नाही. थेंबाला अंगठ्याचं नख लावायचं. नख रुतलं तर सांधा कच्चा. नाही रुतलं तर पक्का.

त्या थेंबाला वस्ताद साक्षीदार म्हणतात.

“पाटी कशाला पायजे?” त्यांनी विचारलं.

“शनिवारचा साक्षीदार बघायचाय.”

“कुठल्या शनिवारचा?”

“तुम्हाला ठाऊक हाय.”

पॉलिश पेपर थोडा वेळ थांबला. परत सुरू झाला.

“तिसरा पंख तू लावला होतास,” वस्ताद म्हणाले.

“व्हय.”

“पहिल्यांदाच.”

“व्हय.”

“मग?”

मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. सांगायला आलो नव्हतो. पाटी बघायला आलो होतो. पण तोंड सुटलं.

“अण्णा म्हणालेला, दोन्ही नळ्यांतलं सारखं घे. मी हार्डनर दुप्पट घेतला.”

“का?”

“लवकर वाळावं म्हणून. तालमीत कुस्ती होती, सातला. मला जायचं होतं.”

“हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतं, असं कोण बोललं?”

“कोण न्हाई. नावातच हार्ड हाय. म्हटलं, जास्त घातला की जास्त हार्ड.”

वस्ताद हसले. मला राग आला. मग वाटलं, अण्णाही असाच हसला असता. मग रागाचं काय करायचं ते कळेना.

“हसताय कशाला?”

“मी पण तसंच केलेलं. पंचवीस वर्षांचा होतो. घोड्याएवढा पॅटर्न आठवडाभर चिकट राहिला. आमचा फोरमन रोज सकाळी यायचा, बोट लावायचा, आणि मला म्हणायचा, इलाही, गूळ छान झालाय.”

मला हसू आलं नाही.

“वस्ताद, त्यानं माणूस मेला नव्हता.”

...

पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज येत होता.

त्या रविवारी अकराच्या सुमाराला रॉकेट सुटलं, ते सरळ गेलं. इतकं सरळ गेलं की अण्णानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. मग वरून काहीतरी गळालं. पंख होता. रॉकेटनं मान वळवली आणि माळापलीकडच्या जुन्या दगडाच्या खाणीत जाऊन पडलं. अण्णा ते आणायला निघाला. मी म्हटलं, थांब, दोर आणतो. तो म्हणाला, दोर कशाला, हा आलोच.

मी दोर घेऊन आलो. काठावर त्याच्या चपला होत्या.

गळालेला पंख मी नऊ दिवस गवतात शोधला. सापडला नाही. तीन पंखांतला तो कुठला, ते कोणालाच सांगता येईना. नळीचा तर खाली चुरा झाला होता.

म्हणून पाटी.

“समज, पाटी दिली,” वस्ताद म्हणाले. “काय करशील?”

“नख लावीन.”

“रुतलं न्हाई तर?”

“तर मी सुटलो.”

“आणि रुतलं तर?”

आमची आई रस्त्यानं चालताना मुंगी दिसली तरी पाय उचलून धरते. त्या घरातला मी.

“रुतलं तर मीच मारला त्याला,” मी म्हणालो.

“बरं. न्हाई रुतलं, तर मग कोणी मारला?”

“खाणीनं.”

“खाण माझ्या आज्याच्या आधीपासून हाय तिथं. ती उठून आली न्हाई.”

“मग दोर न घेता उतरला, म्हणून...”

“म्हणजे त्यानं स्वतःच?”

“तसं न्हाई म्हणत मी.”

“मग कसं म्हणतोस?”

“मला काय ठाऊक! तुम्ही नुसतं गोल गोल फिरवताय. पाटी द्या.”

वस्तादांनी लाकडाचं टोक उजेडात धरलं, एक डोळा मिटून बघितलं आणि मांडीवर ठेवलं.

“त्या रॉकेटचं टोक मी कातलं होतं,” ते म्हणाले. “एका अंगाला थोडं जाड राहिलं होतं. मला दिसत होतं. म्हटलं, चालतंय. त्या दिवशी वारा पण होता.”

“म्हणजे तुमच्यामुळं?”

“मी कुठं तसं म्हटलं?”

मला वाटलं, हा म्हातारा मला समजावतोय. गेले त्रेचाळीस दिवस सगळे समजावतच होते. आयुष्य तेवढंच होतं म्हणे. मला समजूत नको होती. मला एक थेंब पाहिजे होता.

मी इकडंतिकडं बघितलं. फळीवर रंध्यांच्या मागं सागवानी कड दिसली. पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. मी स्टूल ओढलं आणि वर चढलो.

“त्याचा एक पाय हलतोय,” वस्ताद म्हणाले.

“हलू दे.”

“मी स्टुलाचं तेवढं सांगितलं. पाटीचं तू तुझं बघ.”

पाटी जड होती. मी ती फिरवली. पाटीवर पन्नास-साठ थेंब होते, ओळीनं. काही मधासारखे, काही कातडीसारखे पिवळे. शेवटच्या ओळीत माझं अक्षर सापडलं. शनिवार. सुकुमार. सुकुमारमधला पहिला उकार मी चुकवला होता, तो अण्णानं दुरुस्त केला होता.

वर माझा थेंब. मी अंगठा उचलला.

आणि थांबलो.

थेंबात आधीच नख उमटलं होतं.

खोल. अर्ध्या चंद्रासारखं, पण मधोमध तुटलेलं. दोन तुकड्यांचा चंद्र. असं नख गावात एकाचंच होतं. कारखान्यात प्रेसखाली अंगठा आला, तेव्हापासून अण्णाचं नख मधून चिरलेलंच वाढायचं.

“वस्ताद...”

“हं.”

“त्यानं दाबला होता.”

“व्हय.”

“कधी?”

“रविवारी सकाळी. तुम्ही पोरं माळावर रॉकेट उभं करायचा दांडा रोवायला गेला होता तेव्हा.”

“रुतलं होतं.”

“दिसतंय की तुला.”

मी स्टुलावर उभा होतो. खाली यायचं सुचेना. मी आलो होतो एक विचारायला आणि पाटी दुसरंच सांगत होती. त्याला माहीत होतं. माझा सांधा कच्चा आहे, हे त्याला माहीत होतं. आणि तरी तो माळावर आला, हसत आला. माझ्या पाठीत गुद्दा घातला.

“तुम्ही होता?”

“इथंच. ह्याच जागी.”

“काय म्हणाला तो?”

“काय न्हाई. अंगठा विजारीला पुसला.”

“तुम्ही काय म्हणाला?”

“म्हटलं, पंख काप. परत लाव. पुढच्या रविवारी उडव.”

“मग?”

“म्हणाला, सुक्यानं लावलेला पहिला पंख हाय. कापलेला बघितला तर परत कशाला हात लावायचा न्हाई तो.”

...

कावळा उडून गेला होता. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

“म्हणून तसंच उडवलं?” मी विचारलं.

“तसंच कसं उडवील? पोरगं माझ्या हाताखालचं होतं. त्यानं परत कालवलं, बरोबर मापाचं. तुझ्या सांध्यावरनं जाड थर दिला. दोन तास उन्हात ठेवला. शेजारी बघ.”

माझ्या थेंबाला लागून आणखी एक थेंब होता. त्याच्याखाली नाव नव्हतं. मी त्याला नख लावलं. नखच वाकलं.

मग मी माझ्या थेंबाला लावलं. त्रेचाळीस दिवसांनीही ते आत गेलं. अण्णाच्या खुणेशेजारी माझी खूण उमटली.

एक कच्चा. एक पक्का. दोन्ही एकाच सांध्याचे.

“मग तो सांधा कसला धरायचा? कच्चा की पक्का?”

“पाटीला विचार.”

“पाटी दोन्ही सांगतीय.”

“व्हय.”

“आणि पंख हाच गळला की दुसरा, ते पण ठाऊक न्हाई.”

“न्हाई.”

“तुम्ही त्याला अडवलं का न्हाई?”

वस्तादांनी हात मांडीवर ठेवले.

“मी म्हटलं, वरचा थर धरंल,” ते म्हणाले.

मी पाटी छातीशी धरून खाली उडी मारली. स्टुलाचा पाय कडकन निघाला आणि मी गुडघ्यावर आपटलो. पाटीला काही झालं नाही. मी तिथंच बसलो.

“म्हणजे तुम्ही,” मी म्हणालो. “न्हाई, मीच. मी नीट कालवलं असतं तर तुम्हाला काही म्हणायची वेळच आली नसती. पण त्यानं मला सांगायला पायजे होतं. दोन शिव्या घालायला पायजे होत्या. मी काय मेलो असतो? कापायला पायजे होता पंख. का न्हाई कापला? वस्ताद, मला त्याचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग येतोय मला. मला माफी मागायची होती, आणि मी त्याच्यावरच...”

मी पाटीवर डोकं टेकलं आणि रडलो.

वस्तादांनी रडू दिलं. पाणी आणलं नाही. पाठीवर हात फिरवला नाही.

“एवढंच सांगा,” शेवटी मी म्हणालो. “माझी चूक त्यात किती? सगळी नको. माझी तेवढी सांगा. ती मी घेतो. जन्मभर घेतो.”

ते उठले. खिडकीतल्या दोन नळ्या घेतल्या. जुन्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. एका नळीतून बोटभर रेझीन पिळलं. शेजारी दुसरीतून बोटभर हार्डनर. एक पाण्यासारखी रेघ, एक पिवळसर. मोजून सारख्या.

काडी माझ्या हातात दिली.

“कालव.”

“आत्ता?”

“कालव.”

मी कागद तळहातावर घेतला आणि कालवलं. डोळ्यांतलं पाणी त्यात पडू नये म्हणून मान बाजूला केली. आधी दोन्ही रेघा एकमेकींभोवती फिरल्या. मग धुरासारखं झालं. मग एकच रंग.

“झालं?”

“झालं.”

“नीट झालं?”

“व्हय.”

वस्ताद माझ्यासमोर उकिडवे बसले.

“आता ह्यातला हार्डनर तेवढा बाजूला काढून दे.”

मी त्यांच्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

मी कागदाकडं बघितलं. काडीनं एका बाजूला ओढलं. तेच आलं. दुसऱ्या बाजूला ओढलं. तेच.

...

कागदाखालून तळहाताला ऊब लागायला लागली. कालवलेलं आतून तापत होतं. काडी जड फिरायला लागली.

“निघत न्हाई, वस्ताद.”

त्यांनी मोडलेलं स्टूल उचललं, माझ्यापुढं उलटं ठेवलं आणि निघालेला पाय माझ्या दुसऱ्या हातात दिला.

“मग लाव. हातात धरून बसलास, तर हातातच घट्ट होईल.”